दुखवट्याचा रविवार

लिंबाची बी जिभेखाली अडकली होती, आणि ती थुंकावी की गिळावी हे सुलेखाला ठरवता येत नव्हतं. हॉकीच्या सामन्याच्या मध्यंतरात इथे प्रत्येकीला लिंबाची एक फोड मिळते, ती दातांत धरून चोखायची आणि साल गवताच्या कडेला टाकायची. बाकी दहाजणी बिया सरळ थुंकत होत्या, गेर्डा तर लांबवर थुंकून कुठवर गेली तेही बघायची... पण सुलेखा आज सकाळपासून दुखवट्यात होती, आणि दुखवट्यातल्या बाईने बिया थुंकाव्यात की नाही हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. तिने बी गिळली.

दुखवटा रोमचा होता. परवा, शुक्रवारी, रोमच्या ऑलिंपिकमध्ये भारत हॉकीचा अंतिम सामना हरला. अठ्ठावीस सालापासून जे सोनं कुणाला हिसकावता आलं नव्हतं ते गेलं, आणि गेलं तेही पाकिस्तानकडे. आज सकाळी ती जर्मनीतल्या नेकार नदीच्या काठच्या या मैदानावर आली, कपडे बदलायच्या लाकडी खोलीत शिरली, तर संघातल्या सगळ्याजणी रांगेत उभ्या. सगळ्यांत पुढे काळा कोट घातलेल्या फ्राऊ हार्टलिब. एरवी त्या मुलींच्या शाळेत कवायत शिकवतात आणि रविवारी हा संघ सांभाळतात. त्यांनी तिचा हात हातात घेतला, दाबला, म्हणाल्या, "आम्हा सगळ्यांना फार वाईट वाटलं." मग दुसरीने हात दाबला, मग तिसरीने. गेर्डाने घरच्या बेकरीतला प्लमचा केक आणला होता, अख्खा ट्रे, वर स्वच्छ फडकं. आपल्याकडे भेटायला येतात तसंच की हे... फक्त डोक्यावरून घ्यायला पदर नाही, गुडघ्याएवढा स्कर्ट आहे. मग आई अशा वेळी म्हणते तेच तिने जर्मनमध्ये म्हणून टाकलं, "काय करणार, आपल्या हातात का असतं काही." सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. आणि तिला हसू येत होतं, पार पोटातून, आवरता आवरेना, म्हणून तिने मान खाली घातली, तर उंच उर्सुलाने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

कारण खरं असं होतं की शुक्रवारपासून तिला फार म्हणजे फार बरं वाटत होतं.

शुक्रवारी ती आणि तिचा नवरा यशवंत सुधीरच्या खोलीवर होते, सुधीरकडे रेडिओ चांगला आहे म्हणून. सुधीर यशवंतच्याच इन्स्टिट्यूटमध्ये, त्याच प्रोफेसरांच्या हाताखाली पीएच.डी. करतो, एकटा राहतो, आणि वहिनीच्या हातचं खायला मिळेल तिथे हजर असतो. सामना संपला तेव्हा दोघे पुरुष घरातलं कुणी गेल्यासारखे बसले होते. सुधीरने रेडिओ बंद केला, मग कदाचित ऐकण्यात चूक झाली असेल म्हणून पुन्हा लावला, पुन्हा बंद केला.

"एक गोल," यशवंत म्हणाला. "सुरुवातीलाच बसला, आणि मग तासभर आपल्याला तो फेडता येऊ नये."

"गेनाऊ, अगदी बरोबर," सुधीर म्हणाला. "आणि कुणाकडून हरलो!"

"अहो, चहा टाकू का?" तिने विचारलं.

"चहा कसला आता."

"टाका वहिनी," सुधीर म्हणाला. "घसा कोरडा पडलाय."

आणि ती पडद्याआडच्या शेगडीपाशी उभी राहिली, पाण्याला उकळी यायची वाट बघत, आणि तिच्या लक्षात आलं की खांदे खाली आलेत. इतके महिने खांदे कानांजवळ धरून मी वावरत होते हे मला तेव्हा कळलं. पाण्यात साखर पडली, आलं पडलं, आणि पडदा बाजूला करून यशवंत विचारत होता, "तू गुणगुणतेयस?"

"छे हो. भांडं वाजलं असेल."

काय बाई आहे ही... देश हरला आणि ही चहा करताना गाणं म्हणते. रात्री अंथरुणावर पडल्यावर तिने स्वतःला वाईट वाटून घ्यायचा प्रामाणिक प्रयत्न केला. आपल्या खेळाडूंचे चेहरे डोळ्यांपुढे आणले, झेंडा आणला, शाळेतलं जन-गण-मन आणलं. थोडंसं वाईट वाटलंही. पण त्याच्या खालून ते दुसरं पुन्हा वर यायचंच: सुटले, सुटले गं बाई.

हे सगळं सुरू झालं एका फोटोमुळे. कपाटावर तिचा नागपूरच्या कॉलेजातला फोटो होता, साडीचा काचा मारून हातात स्टिक घेतलेला. त्या वर्षी मालिनी नावाच्या मुलीला कावीळ झाली म्हणून सुलेखा संघात गेली होती; दोन सामने खेळली, एकात चेंडूला तिची स्टिक लागली नाही आणि दुसऱ्यात लागली ती चुकीच्या बाजूने. पण फोटो छान आला होता. घरमालकिणीने तो पाहिला, आपल्या भाचीला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी ती भाची, म्हणजे गेर्डा, दारात. भारतातली बाई, हातात स्टिक, आणखी काय पुरावा हवा? सुलेखा म्हणाली, "मला खेळता येत नाही." अगदी साध्या, पुस्तकात शिकवतात तशा जर्मनमध्ये म्हणाली. गेर्डाचा चेहरा उजळला. भारतीय लोक असेच नम्र असतात असं तिने कुठे तरी वाचलं होतं. यशवंतला विचारलं तर तोही खुशीत म्हणाला, "तिचा स्वभावच तसा आहे." स्वभाव! लग्नाला तीन वर्षं झाली, माझ्या स्वभावात नम्रपणा आहे असं सासरी कुणी चुकूनसुद्धा म्हटलं नव्हतं.

मार्चमध्ये हंगाम सुरू झाला आणि तिला सेंटर फॉरवर्ड केलं, अर्थातच. संघाने तिच्यासाठी खास आखूड टोकाची स्टिक मागवली, आपल्याकडचे खेळाडू वापरतात तसली. रोज अर्धा तास ती अंगणात चेंडू टोलवायची, घरमालकीण खिडकीतून कौतुकाने बघायची. आणि रविवारी मैदानात उतरलं की मनात एकच — चेंडू माझ्याकडे येऊ नको, कुणाकडेही जा, माझ्याकडे येऊ नको. मानहाइमच्या सामन्यात तो आलाच. तिने स्टिक फिरवली, चेंडू स्टिकखालून, मग दोन पायांमधून मागे गेला, मागे उर्सुला होती, उर्सुलाने गोल केला. सगळ्याजणी धावत आल्या त्या उर्सुलाकडे नाही, तिच्याकडे. चेंडू असा सोडून देणं म्हणे इथे कुणाला जमत नाही. गावच्या पेपरात चार ओळी आल्या, यशवंतने कात्रण कापून ठेवलं. चुकली तर डावपेच, पडली तर मैदान ओलं, आणि काहीच केलं नाही तर ती खेळ वाचतेय. सगळा उन्हाळा तिला कुणी एक शब्द बोललं नाही. एकमेकींना मात्र त्या काय वाट्टेल ते बोलायच्या, गेर्डा तर मैदानभर शिव्या घालत फिरायची आणि सामना संपला की त्याच मुलीच्या गळ्यात हात टाकून घरी जायची. सुलेखाशी बोलताना तिचा आवाज देवघरात बोलल्यासारखा व्हायचा.

मग जायचंच कशाला? सोडून द्यायचं... हा प्रश्न तिने स्वतःला कितीदा तरी विचारला होता, आणि उत्तर दर वेळी रविवारीच मिळायचं. सोमवार ते शनिवार ती एका खोलीत असते. यशवंत इन्स्टिट्यूटमध्ये, खिडकीखाली ट्राम, दुकानात बोटाने दाखवायचे कांदे. रविवारी लाकडी खोलीत अकरा बायकांच्या ओल्या मोज्यांचा वास, कुणाचा तरी कंगवा, कुणाची तरी सासू कशी छळते त्याची गोष्ट, जी अर्धीच कळते पण अर्धी पुरते. हे हवं होतं तिला. आणि ते मिळत होतं एका खोट्या नाण्यावर, जे तिने पाडलंही नव्हतं.

म्हणून तर शुक्रवारी एवढं हलकं वाटलं होतं. आता भारत म्हणजे हॉकी हे संपलं, आता कुणी काही मागणार नाही. आज सकाळी यशवंतने निघताना तिची स्टिक उचलली, तिच्यावर छापलेलं 'सियालकोट' आज पहिल्यांदाच वाचलं आणि ती बाजू भिंतीकडे करून ठेवली. तेव्हाही तिला हसू आलं होतं.

पण आता, लिंबाची साल हातात धरून... फ्राऊ हार्टलिब तिच्याकडेच येत होत्या.

हंगामातला शेवटचा सामना. बरोबरी झाली तरी संघ या लीगमध्ये राहतो, हरला तर खालच्या लीगमध्ये जातो. पहिल्या डावात गोल नाही, आणि सुलेखाने नेहमीप्रमाणे काही केलेलं नाही.

"आल्झो, तर मग सुलेखा," फ्राऊ हार्टलिब म्हणाल्या. "तू आता मागे खेळ. लेफ्ट हाफ. उर्सुला पुढे येईल." मग हलक्या आवाजात, "मन थाऱ्यावर नसताना पुढे खेळणं सोपं नाही. मी समजू शकते."

सुटले, हे पहिलं वाटलं. आणि लगेच, ते वाटून होतंय न होतंय तोवर, तिला पुढचं सगळं दिसायला लागलं. हे असंच असतं. आधी मागे, मग मैदानाबाहेर, मग कोट सांभाळायला; आणि मग एखाद्या रविवारी गेर्डा दारात येत नाही. मुकुट गेला तर गेला, पण त्या मुकुटाखाली त्यांनी जिला ठेवून घेतलं होतं ती कोण? नागपूरची, दोन सामन्यांची, कावीळवालीच्या जागी आलेली. तिला इथे कोण कशाला ठेवील? सहा महिने वाटत होतं की कळू नये, आणि आता कळत चाललंय तर घशाशी आंबट येतंय... ते लिंबाचंही असेल.

कुंपणापाशी यशवंत आणि सुधीर टाय लावून उभे होते. ती मागे गेलेली पाहून यशवंतने सुधीरला काही तरी विचारलं. सुधीरने खांदे उडवले.

दुसरा डाव सुरू झाला, आणि मागून मैदान वेगळंच दिसत होतं. पुढे असताना सगळं पाठीमागे घडायचं, आता सगळं समोर. चेंडू येताना लांबून दिसतो, त्याला यायला वेळ लागतो, हे तिला माहीतच नव्हतं. एक आला, तिने स्टिक आडवी टाकली, तो थांबला. थांबला की चक्क. तिने तो शेजारी गेर्डाला दिला. गेर्डा सेंटर हाफ, ती तो घेऊन न बघता पुढे पळाली, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आणखी एक आला, तोही थांबला. हे एवढंच असतं? आणि दुसऱ्याच क्षणी — यशवंतने हात वर केला होता का? — ती कुंपणाकडे बघत राहिली, आणि समोरच्या संघातली लालभडक गालांची एक पोरगी तिच्या डावीकडून सरळ निघून गेली. मग गोलाच्या फळीचा आवाज आला. शून्य-एक.

सुधीरने तोंडावर हात धरला. यशवंत नदीकडे बघायला लागला, बिचाऱ्याला एका आठवड्यात दोन सामने सहन होण्यासारखे नव्हते.

आणि गेर्डा तिच्यासमोर येऊन उभी राहिली. चेहरा लाल, केस कपाळाला चिकटलेले.

"डोळे कुठे होते तुझे?" मैदानभर ऐकू जाईल अशा आवाजात ती ओरडली. "ती तुझी होती! तुझी! मैदानात खेळायला येतेस की झोपायला?"

उर्सुलाने पुढून वळून पाहिलं, फ्राऊ हार्टलिब काळ्या कोटात एक पाऊल पुढे आल्या. दुखवट्यातल्या बाईवर ओरडतं का कुणी? गेर्डा आता माफी मागेल असं सगळ्यांना वाटलं, सुलेखालाही वाटलं, आणि तिने मनात घाईघाईने म्हटलं, नको मागूस गं... गेर्डाने मागितली नाही. तिने सुलेखाच्या पायांकडे स्टिक केली. "पाय आधी हलव. स्टिक मग. आणि नवऱ्याकडे सामना संपल्यावर बघ." मग ती वळली आणि आपल्या जागी चालू लागली, पुटपुटत, अजून दोन शिव्या घालत.

सुलेखाच्या डोळ्यांत पाणी आलं. अपमानाचं असेल म्हणून तिने क्षणभर थांबून तपासून पाहिलं, पण अपमान कुठे सापडेना. थोरली बहीण, उल्का, दोरीवरचे कपडे पावसात राहिले की अशीच अंगावर यायची — डोळे फुटले होते का तुझे — आणि मग दोघी मिळून ते ओले कपडे पिळायच्या. परक्या मुलीला कुणी असं बोलत नाही. परक्या मुलीच्या हातात चहाचा कप देतात. सहा महिने माझ्या हातात कप होता, तो धरून धरून हात भरून आले होते, आणि आज गेर्डाने तो हिसकावून घेतला. तुझी होती, म्हणाली. माझी होती. आता ती पोरगी पुन्हा इथूनच येईल, आणि ती माझी आहे.

म्हणजे यांना कळलंय. आजच नाही, बहुधा केव्हाच कळलंय. जी मैदानात सहा महिने दिसते ती न कळायला हे लोक काय आंधळे आहेत? फक्त बोलायचं कसं, हा प्रश्न असेल. रोमने तो सोडवला... का नाही सोडवला, कोण जाणे. संघ आता खालच्या लीगमध्ये जाईल का, पुढच्या रविवारी गेर्डा येईल का, घरी गेल्यावर यशवंत काय म्हणेल, यातलं काहीच तिला माहीत नव्हतं, आणि त्याची भीती शोधली तर जागेवर नव्हती. तिने बाहीने नाक पुसलं. खांदे खाली होते.

पलीकडच्या बाजूने कुणी तरी चेंडू जोरात मारला. तो ओल्या गवतावरून उड्या घेत डावीकडे सरकायला लागला, आणि त्याच्या मागे ती लाल गालांची पोरगी. "सुलेखा!" गेर्डा ओरडली, पण त्याआधीच सुलेखाचे पाय हलले होते. सगळा हंगाम ती ज्याला नको येऊस म्हणत आली होती तो सरळ तिच्याच दिशेने येत होता, आणि ती स्टिक खाली टेकवून, दात आवळून, मराठीत म्हणत होती, ये, ये इकडे.