पावणेचारशे ग्रॅमचा माणा

मित्रांनो, मी एक जुना माणा आहे, कुमाऊँच्या डोंगरातले लाकडी माप. ओढ्याच्या पाण्यावर फिरणाऱ्या, लाकूड कातायच्या चरकावर एका कारागिराने मला कोरले. खिमुली इजा (आमच्याकडे आईला इजा म्हणतात) या घरात नवरी म्हणून आली, त्याच वर्षी मीही आलो. तिच्या हातांनी माझ्या कडा गुळगुळीत झाल्या.

आमच्याकडे माप दाबून भरणे म्हणजे हावरटपणा. गहू असो की नाचणी, हलक्या हाताने ओतायची. फक्त जर्दाळूला इजा वेगळा न्याय लावी. बी काढून, फळ चिरून, मुठीने दाबून ती मला शिगोशीग भरी. चार माणे फळ, तीन माणे साखर. तिच्या जॅमचे गावभर कौतुक होई आणि मला वाटे, यात थोडे आपलेही आहे.

गेल्या उन्हाळ्यात शहरातल्या एका हॉटेलाने गावच्या बायकांच्या गटाकडे जॅमच्या शंभर बाटल्या मागितल्या. कृती मात्र किलोत हवी होती. इजाची सून हंसा काटा घेऊन आली. इजा अंगणातच डाळ निवडत बसली होती. हंसाने मला अख्ख्या जर्दाळूंनी भरले आणि तेही हलक्या हाताने. चांगल्या वळणाची मुलगी ना! माझे वजन वजा करून पावणेचारशे ग्रॅम भरले. फळांच्या मधला सगळा वारा मी पोटात धरून बसलो होतो. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो.

त्या आकड्यावर फळ घेतले. साखरेत वारा कुठला? ती तीन माणे बरोबर पडली; फळ मात्र जवळजवळ निम्मेच. पंधरा दिवसांत बाटल्यांत साखरेचे खडे धरले. शंभरच्या शंभर परत आल्या.

"इजा, तुम्ही मुद्दाम चुकीचं सांगितलंत," हंसा सगळ्यांसमोर म्हणाली. "तुमच्याखेरीज कुणाला जमू नये म्हणून!"

"अगं, विचारलंस कधी? चार नि तीन तेवढं ऐकलंस. भरताना माझा हात बघितलास का?"

"हात कशाला बघायचा? माप ते माप!"

"म्हातारीचा माणाच खोटा, दुसरं काय," शेजारची परुली हसत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी इजाने झाडावरचे उरलेसुरले जर्दाळू चिरले, मला दाबून भरले आणि काट्यावर ठेवले. माझे वजन सोडून सातशे ग्रॅम! पण इजाला आकडे वाचता येत नव्हते.

"हंसा, ये गं जरा. किती झालं ते बघ."

हंसा घरातच होती. ती आली नाही. थोड्या वेळाने काट्यावरचे उजळलेले आकडे आपोआप विझले.

इजाने पुन्हा जॅम केला नाही. माघात ती गेली. आता गटाच्या खोलीत माझ्यात पेने ठेवतात.

मित्रांनो, जुनी मापे जपा असे मी म्हणणार नाही. खुशाल तोला. फक्त भरणारी अंगणात बसलेली असेल तर आधी तिला विचारा. माझ्यातल्याच एका पेनाने हंसाने परवा यंदाची कृती लिहिली. त्यात एक माणा जर्दाळू म्हणजे अजून पावणेचारशे ग्रॅमच आहे.