हृदयाची नळी कुठे वळते

तोंडी परीक्षेला बसलेल्या आणखी एका मुलाने हात डावीकडे वळवला, तेव्हा मामींच्या मनात पाल चुकचुकली.

मामी म्हणजे शरीररचना विभागातल्या जुन्या प्राध्यापिका. गर्भाचं हृदय आधी सरळ नळीसारखं असतं आणि मग गर्भाच्या उजव्या बाजूला वळतं, हे त्या वर्षानुवर्षं स्वतःच्या छातीपुढे एक जाड दोरी धरून शिकवत आल्या होत्या. उजवं-डावं हे शब्द त्या मुद्दामच वापरत नसत. शब्द पाठ होतात, हाताने केलेलं कळतं, असं त्यांचं म्हणणं. आणि आज मुलं एकामागून एक चुकत होती, तीही एकसारखी, जराही न अडखळता.

"कुणी शिकवलं हे?"

"तुम्हीच, मॅडम," मुलगा गोंधळला. "तुमच्या व्हिडिओत."

व्हिडिओ भाचेसुनेने केले होते. नणंदेच्या मुलाची बायको ती, याच विभागात तात्पुरती लागलेली. तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते आज ठरणार होतं. विभागप्रमुख सकाळीच म्हणाले होते, "नातं बाजूला ठेवा, मॅडम. परीक्षा आटोपली की तुमचं मत सांगा."

मामींना ही मुलगी गोड बोलणारी वाटायची, जरा जास्तच गोड. आल्या आल्या तिने गळ घातली होती, "मामी, तुमचं शिकवणं रेकॉर्ड करून ठेवू या ना. मुलं घरी बसून बघतील." तेव्हाच शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी त्यांच्या कानाला लागून म्हटलं होतं, "अहो, सगळं मोबाइलात भरून घेतलं की तुमचं काय काम? हिचं बस्तान बसतंय बघा." मामींनी ते हसण्यावारी नेलं होतं. पण मनातून गेलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी भाचेसुनेला संगणकाच्या खोलीत गाठलं.

"मुद्दाम केलंस ना?"

"काय, मामी?"

"इथे मामी-बिमी नाही. मुलांना उलटं शिकवलंस, तेही माझ्या हातून. म्हणजे बाईंचं आता वय झालं म्हणायला सगळे मोकळे!"

तिचा चेहरा उतरला. "काहीतरीच काय..."

"लाव तो व्हिडिओ."

पडद्यावर मामी पांढऱ्या भिंतीपुढे उभ्या होत्या. "बघा, अशी वळते," म्हणत त्यांनी दोरी चक्क स्वतःच्या डावीकडे नेली.

"मी जन्मात अशी वळवणार नाही!" मामी पुढे झुकल्या. तेवढ्यात त्यांची नजर पडद्यावरच्या कोटाच्या खिशावर गेली. खिसा उजव्या छातीवर होता. त्यांनी स्वतःचा खिसा चाचपला. तो डावीकडेच होता.

"अख्खं चित्रच फिरवलंयस तू."

भाचेसून पडद्याजवळ सरकली. "अगं बाई! हो... पण मामी, तुम्हीच म्हणाला होतात ना? पहिल्यांदा दाखवलं तेव्हा. हा चेहरा माझा नाही, वाकडा दिसतोय, आरशात मी अशी नसते. म्हणून मी आरशासारखं करून दिलं. खूश झालात तुम्ही. दोरीचं माझ्या डोक्यातच आलं नाही."

मामींना आठवलं. केससुद्धा सारखे केले होते त्यांनी ते बघताना. कानशिलं तापली.

तरी संशय एवढ्यात पाठ सोडेना. हिला खरंच कळलं नसेल? आणि समजा नसेल, तरी व्हिडिओ चुकलेत हे काही खोटं नव्हतं. तेवढंच सांगितलं तरी हिला घरी पाठवायला पुरलं असतं. पुढचं कुणी विचारलंही नसतं. मामींनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, पण त्याच्याशी नजर मिळवायचा धीर होईना.

विभागप्रमुखांच्या दारापर्यंत भाचेसून मागे मागे आली.

"मॅडम, आत काय सांगणार आहात?"

मॅडम म्हणाली ती, मामी नाही. डोळ्यांत विश्वासाचा मागमूस नव्हता. इतके महिने आपण हिच्याकडे असंच बघत आलो, हे मामींना तिथे उभ्या उभ्या कळलं.

"तूही चल आत."

आत गेल्यावर त्या बसल्या नाहीत. "सर, मुलांचे गुण कापू नका. त्यांनी पाहिलं तेच केलं. चित्र उलटं झालं ते माझ्या हट्टामुळे, मला माझा चेहरा बरा दिसायला हवा होता. आणि चूक आम्हा दोघींच्याही नजरेतून सुटली. हिचं काम चांगलं आहे. हिला कायम करा."

विभागप्रमुखांनी मान डोलावली. भाचेसून मात्र दारालाच खिळून मामींच्या तोंडाकडे बघत होती. पुढे 'पण' येईल म्हणून वाट बघत होती. तो आला नाही.