टाकीतलं लाल तेल

उस्तादांनी गॅरेज बंद करून चार वर्षं झाली, तरी त्यांचे हात शिवशिवायचे थांबले नव्हते. घरातला मिक्सर त्यांनी दोनदा उघडला, पंखा तीनदा. शेवटी बायकोने पाने-पकडींच्या पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली. मग रविवारी दारात उभी राहणारी लेकीची व्हॅन तेवढी उरली.

लेक डायलिसिसच्या रुग्णांची ने-आण करणाऱ्या कंपनीत ड्रायव्हर होती. व्हॅन कंपनीची, डिझेलवर चालणारी, कोरी करकरीत. उस्ताद ती धुवायचे आणि कुणी बघत नाही असं पाहून टाकीत अर्धी बाटली गिअरचं लाल तेल ओतायचे. चाळीस वर्षांचा हातखंडा इलाज होता तो. कुरकुरणारी जुनी इंजिनं त्याने गुमान चालायची, मग नव्या इंजिनाचं तर भलंच होणार. लेकीला सांगितलं असतं तर तिने कंपनीचे नियम वाचून दाखवले असते, म्हणून सांगितलं नव्हतं. जित्याची खोड, दुसरं काय!

तीन आठवड्यांपूर्वी गाडीत पिवळा दिवा लागला. लेकीने त्यांना दाखवला. उस्तादांनी बॉनेट उघडून उगाच दोन वायरी हलवल्या आणि म्हणाले की नव्या गाड्यांचे दिवे नव्या जावयासारखे असतात, कारण नसताना रुसतात. ती हसली आणि दिवा विसरली.

मंगळवारी सकाळी ते पान्याच्या गॅरेजात चहाला गेले. पान्या त्यांचाच जुना चेला, आता स्वतः टक्कल पडलेला मालक. त्याने एका गाडीचा धूर गाळणारा फिल्टर काढून बाकावर ठेवला होता, आत राखेचा नुसता थर. पान्या वैतागून सांगत होता की कुण्या शहाण्याने डिझेलमध्ये गिअरचं तेल घातलंय. त्या तेलातलं सगळंच जळत नाही, मागे राख उरते आणि या जाळीत जाऊन बसते. जुन्या गाड्यांना ही जाळीच नव्हती, तेव्हा सगळं खपून जायचं. आता आधी पिवळा दिवा लागतो, मग चढावर इंजिनाचा दम कोंडतो.

उस्तादांनी कप खाली ठेवला. चहा तसाच राहिला.

लेक या वेळी तीन रुग्ण घेऊन टेकडीवरच्या हॉस्पिटलकडे निघालेली असायची. त्यांनी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. गाडी चालवताना फोनला हात लावायचा नाही, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं, आणि पोर अक्षरशः पाळत होती. ते उठले, बसले, दारापर्यंत जाऊन परत आले. पान्याने विचारलं, तर म्हणाले काही नाही. आपल्याच चेल्यासमोर तोंड उघडवेना. त्यामुळे त्यांना स्वतःचाच इतका राग आला की हातातला फोन फेकावासा वाटला.

तासाभराने तिचाच फोन आला. गाडी चढावर बंद पडली होती. दुसरी व्हॅन मागवली होती, कंपनीचा सुपरवायझर आला होता, आणि ड्रायव्हरनेच डिझेलमध्ये काहीतरी घातलं असं तो म्हणत होता. "पंपवाल्यानेच भेसळ केलीय, बाबा. तुम्ही या. तुम्ही सांगितलंत तर हा ऐकेल."

पान्याच्या स्कूटरवर मागे बसून ते निघाले. अख्ख्या वाटेत त्यांच्या जिभेवर एकच वाक्य होतं, आणि दर वळणावर ते गिळलं जात होतं.

दुसरी व्हॅन अजून आली नव्हती. बंद पडलेल्या व्हॅनमध्ये एक निवृत्त शिक्षिका सुजलेले पाय लांब करून बसल्या होत्या. उपचाराची वेळ टळून गेली होती, तरी त्या उस्तादांना बघून हसल्या. "तुम्हीच उस्ताद ना? लेक रोज तुमचं कौतुक सांगते." उस्तादांना त्यांच्याकडे बघवेना.

सुपरवायझरने टाकीतलं डिझेल एका पारदर्शक बाटलीत काढलं होतं. त्याला गुलाबी झाक होती. त्याने बाटली उस्तादांच्या हातात दिली. पंपाचं नाव घेतलं असतं तर लेकीची नोकरी वाचली असती आणि त्यांचा मानही राहिला असता. खोटं बोलायला हुंगायचीसुद्धा गरज नव्हती.

"सांगा ना, बाबा," लेक म्हणाली. "काय मिसळलंय यात?"

"गिअरचं तेल," उस्ताद म्हणाले. "पंपवाल्याने नाही. मी. दर रविवारी. हिला काही माहीत नव्हतं."

पान्याने मान खाली घातली. सुपरवायझरने एवढंच विचारलं की दिवा कधीपासून लागत होता. लेकीने खरं ते सांगितलं, तीन आठवडे. मग दिवा लागल्यावर गाडी वर्कशॉपला का आणली नाही, असं त्याने विचारलं. त्याने हात पुढे केला, तिने किल्ली दिली.

दुसरी व्हॅन आली. तिने तिघांनाही हात धरून नीट चढवलं, शिक्षिकाबाईंची पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि दार लावलं. व्हॅन चढाच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ती बघत राहिली. मग उस्तादांकडे वळली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"दिवा लागला त्याच दिवशी वर्कशॉपच्या मेकॅनिकने गाडी आणायला सांगितलं होतं," ती म्हणाली. "मीच त्याला म्हटलं, आमच्या घरात उस्ताद आहेत."