राजदूत कुठपर्यंत

आरटीओच्या पासिंगची तारीख तीन आठवड्यांवर आली तेव्हा मृणालने कपाटातून गाडीचं आरसी बुक काढलं आणि रकाना रकाना वाचून पाहिलं. बुकातली गाडी राजदूत होती, रंग मरून, दोन माणसांची. अंगणात उभी होती ती काळपट निळी, बुटकी, एका माणसाची, आणि तिच्या टाकीवर कुठलंच नाव नव्हतं.

गाडी मुळात तिच्या सासऱ्यांची, शिवरामांची. भोपरची भातशेती सुटली त्या वर्षी त्यांनी ती नवी घेतलेली. ते गेल्यावर गाडी वर्षभर पडवीत धूळ खात राहिली. मागचं पासिंग झाल्यावर सुमितने, मृणालच्या नवऱ्याने, ती खोलायला घेतली. दर रविवारी थोडीथोडी. टाकी एका गाडीची आली, हँडल दुसरीचं, चाकं तिसरीचीच. सायलेन्सर गेला, कार्ब्युरेटर गेला. शेवटी त्याने चौकटीचा मागचा भाग वीतभर कापला, तिथे गोल नळी जोडली आणि एकट्यापुरती सीट बसवली.

मृणालला मोटारसायकल येत होती, पण त्या गाडीवर ती कधी बसलीच नाही, मागे बसायला जागाच नव्हती. ती असायची शेजारी, पाटावर, मांडीवर पाने आणि नटांची वाटी घेऊन. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कंपनीच्या लॅबमध्ये ती केमिस्ट होती, त्यामुळे रंग मात्र तिच्या हातचे. आधी नारिंगी, मग करडा, मग हा निळा. सिग्नलला लोक सुमितला विचारायचे, कुठली गाडी? तो म्हणायचा, माझी. एकदा तिनेच त्याला विचारलं होतं की नेमका कुठला पार्ट काढल्यावर ही राजदूत राहिली नाही. लॅबमध्ये ती रोज आम्लात अल्कली थेंब थेंब सोडायची आणि एका थेंबाला सगळं द्रावण गुलाबी व्हायचं. तो थेंब तिला बरोबर कळायचा. इथे तो कुठला? सुमित हसून म्हणाला होता, लॅबवाली तू, तूच शोध.

मग डेंग्यू झाला आणि आठ दिवसांत सुमित गेला. त्याला आता दीड वर्ष झालं होतं. रविवार तेवढे यायचे थांबले नव्हते.

सुमितचा मित्र भाऊ, कल्याणचा गॅरेजवाला, येऊन गाडीभोवती दोन चकरा मारून गेला. त्याने सरळ सांगितलं, अशी नेली तर आरटीओचा साहेब हातसुद्धा लावणार नाही, आणि पासिंग चुकलं तर गाडी रस्त्यावर काढायची नाही. जुने पार्ट चढवू, पास करू, दुसऱ्या दिवशी हे सगळं परत लावू. सगळे असंच करतात, वहिनी. पण जुने पार्ट आणायचे कुठून? सुमितने ते कधीच टाकून दिले होते.

मृणालची सासू, कमळाबाई, दारात उभी राहून ऐकत होती. ती आत गेली आणि माळ्यावरून एक पोतं ओढून आणलं. टाकी जुन्या नऊवारीत गुंडाळलेली होती. हँडल, सायलेन्सर, लांब सीट, कापलेल्या चौकटीचा तुकडासुद्धा. पहिल्या रविवारपासून मुलाने टाकलेलं एकेक ती उचलून ठेवत आली होती. भाऊ बघतच राहिला.

दोन दिवसांनी मृणाल अंगणात बसली. साहेबाला चासी नंबर दाखवायचा, त्यावर कागद धरून पेन्सिलने त्याचा ठसा घ्यायचा, आणि नंबर तर तिच्याच रंगांखाली बुजलेला. तिने लॅबमधून आणलेल्या रसायनात बोळा बुडवला. निळा सुटायला वेळ लागला, करडा लगेच सुटला. नारिंगी तिने बोळ्याने नाही, नखाने काढला, का ते तिला सांगता आलं नसतं. खाली मरून लागला. बोटभर जागा, आणि तिच्या कडेला सगळे थर ओळीने. कमळाबाई जवळ येऊन वाकली आणि त्या मरूनवर तिने बोट ठेवलं.

मृणालने विचारलं, "आई, तुम्ही हिला राजदूत म्हणायचं सोडलंत. कधीपासून? टाकी बदलली तेव्हापासून?"

"टाकी बदलली तवा राजदूतच होती. तू रंग लावलास, तवाबी." कमळाबाईने मरूनवरचं बोट उचललं. "माजी जागा कापली, तवा सपली."

मग तिने सांगितलं. दर नवरात्रात शिवराम तिला मागे बसवून ठाण्याला न्यायचे, टेंभी नाक्याच्या देवीला. बावीस वर्षं, एकदाही चुकलं नाही. एरवी घरात दोघांचं बोलणं जेवणापुरतं, पण गाडीवर ते मान वळवून बोलायचे.

"सुमितला का नाही सांगितलंत?"

"त्याला काय ठाव? पोराला वाटं, मागं कोन बसतंय आता."

मृणालने बोळा खाली ठेवला. कटरने चौकट कापली त्या रविवारी काप सरळ यावा म्हणून ती दोन्ही हातांनी घट्ट धरली होती ती तिनेच.

भाऊने तुकडा परत जोडला. सांधा दिसत होता, पण सीटखाली झाकला गेला. कल्याणच्या मैदानात साहेबाने टाकीकडे पाहिलं, सीटकडे पाहिलं, ठसा नंबराशी ताडला आणि सही केली. भाऊ खूश होता. उद्याच सगळं परत चढवतो म्हणाला. मृणालने सुमितच्या उतरवलेल्या पार्टचं पोतं तेवढं मागून घेतलं.

नवरात्र चालूच होतं. मृणाल गाडी घेऊन आली तेव्हा कमळाबाई लुगडं बदलून ओट्यावर बसली होती. "मना बसव एकदा, बाय," ती म्हणाली, "मंग तू काय ती तुजी गाडी कर."

दोघी शिळफाट्यावरून ठाण्याला गेल्या. कमळाबाईचा हात तिच्या खांद्यावर होता, आणि वळण आलं की तो जरासा दाबला जायचा. सायलेन्सर जुना, आवाज जुना. हा आवाज सासऱ्यांचा, हे तिला कळत होतं. सुमितचा कुठेतरी खाली असेल म्हणून ती पूर्ण रस्ताभर कान देत राहिली. मुंब्र्याच्या चढावर, ट्रकांच्या गर्दीत तिने इंजिन मुद्दाम थोडं ताणून पाहिलं. काही नव्हतं. मागून कमळाबाई काहीतरी बोलत होती, वाऱ्यात ते शब्द तुटत होते, आणि मृणालच्या लक्षात आलं की ते तिच्याशी नाही.

परत आल्यावर कमळाबाई सावकाश उतरली. "आता त्याचं लाव. मी काय बोलायची नाय."

रविवारी सकाळी मृणालने भाऊला फोन करून विचारलं, हँडलला पाना कितीचा लागतो? तो हसायला लागला. वहिनी, तुम्ही कशाला हात काळे करता, मी येतो, सगळं मिळून एका तासाचं काम आहे.

"एका तासात नकोय मला," ती म्हणाली.

भाऊने पान्याचा नंबर सांगितला.

तिने पोतं उलटं करून पार्ट मोजले. आठवड्याला एक धरला, रंगाच्या हातांना, वाळायला वेगळे रविवार धरले. मागची सीट तिने सगळ्यात शेवटी ठेवली. चौकट तिथे पुन्हा कापायची की नाही, हे तिने ठरवलं नव्हतं. तिथपर्यंत पोचायला वर्ष तरी लागणार होतं.