चार वाजताची नोंद

मावशीच्या औषधांच्या दुकानात लसींचा एक फ्रिज आहे. त्याचं तापमान दर दोन तासांनी वहीत लिहावं लागतं. शाळा संपल्यापासून ते काम माझं. चौदा महिन्यांत माझी एकही नोंद चुकली नव्हती. मावशी गिऱ्हाइकांना सांगायची, "हिला 'कशी आहेस' विचारू नका, तापमान सांगेल." मला ऑटिझम आहे. चेहऱ्यांपेक्षा आकडे मला लवकर वाचता येतात.

एका मंगळवारी मावशी दाताच्या डॉक्टरकडे गेली असताना खोकी पोहोचवणारा माणूस आला. पावणेचारला त्याने मला मागच्या कोठीत ढकललं आणि आतून कडी लावली. मी तीन वेळा नको म्हटलं. त्याने माझ्यावर अत्याचार केला. कोठीतल्या घड्याळाकडे मी सगळा वेळ बघत होते. चार वीसला तो गेला.

पोलिसांना पहिला जबाब मी त्याच क्रमाने दिला. तो घेणारे साहेब म्हणाले, "ही तर गाड्यांचं वेळापत्रक वाचल्यासारखी सांगतेय."

तीन आठवड्यांनी एका अधिकारी बाईंनी पुन्हा बोलावलं. मावशी सोबत आली. खोलीतली ट्यूब गुणगुणत होती आणि मी कानांवर हात ठेवले होते. बाईंनी काही न विचारता ट्यूब बंद केली आणि खिडकी उघडली. मी हात खाली घेतले.

"माझ्याकडे बघायची गरज नाही," त्या म्हणाल्या. "टेबलाकडे बघून बोल. एकच अडचण आहे. तो म्हणतो, तो साडेतीनलाच गेला आणि तू दिवसभर नेहमीसारखी काम करत होतीस. तू म्हणतेस, चार वाजता कोठीत होतीस. फ्रिज कुठे आहे?"

"पुढे, काउंटरमागे."

त्यांनी दुकानाची वही उघडली. "मग चारची नोंद कुणी केली?"

त्या दिवसानंतर मी वही पहिल्यांदाच पाहत होते. दोन वाजता चार पूर्णांक तीन. चार वाजताही चार पूर्णांक तीन. तो आकडा खरा ठरला तर मी खोटी ठरणार होते.

"हा माझा नाही," मी म्हणाले. "माझे आकडे चौकटीच्या डाव्या रेघेला चिकटून असतात. हा मधोमध आहे."

"मधोमध कोण लिहितं?"

"मावशी."

मी तक्रार केली नव्हती. प्रश्न होता, उत्तर दिलं. पण मावशीच्या मांडीवरची पिशवी चुरचुरायला लागली.

"मावशी," बाई म्हणाल्या, "तुम्ही त्या वेळी दुकानात होतात?"

खोट्या नोंदीवरून दुकानाचा परवाना जाऊ शकतो, हे तिनेच मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

"नव्हते," मावशी म्हणाली. "त्या रात्री हिने मला काहीच सांगितलं नव्हतं. वहीत रिकामी ओळ दिसली. दुसऱ्या दिवशी तपासणी होती. वाटलं, पोरगी विसरली असेल. वरचाच आकडा खाली उतरवला." तिचा आवाज चिरकला. "चौदा महिन्यांत विसरली नाही ती त्याच दिवशी कशी विसरेल, एवढंही डोक्यात आलं नाही माझ्या. आपल्याच पोरीच्या पायावर धोंडा मारला मी."

"लिहून द्याल?"

"आत्ता देते. परवान्याचं काय व्हायचं ते होऊ दे."

"तो वेगळा विभाग, ते काय ठरवतील सांगता येत नाही. पण हे पान आता हिच्या बाजूने बोलतं." बाई माझ्याकडे न बघता टेबलाशी बोलल्या, मला आवडतं तसं. "तुझं म्हणणं जुळतं. मी पुढे पाठवतेय."

माझे खांदे खाली आले. ते इतके दिवस वर होते, हे मला तोपर्यंत कळलंच नव्हतं.

मी पेन घेतलं. चूक एका रेघेने खोडून बाजूला सही करायची, असा आमचा नियम आहे. बाईंनी वही मिटली. "नाही हं. हा पुरावा आहे. तशीच राहू दे."

घरी जाताना मावशीने विचारलं, "रागावलीस?"

"हो."

"किती?"

मी विचार केला. "पान पाहिलं तेव्हापेक्षा कमी."

ती हसली आणि रडलीही. दोन्ही एकदम कसं जमतं, मला ठाऊक नाही.

दुकानात तिने नवी वही काढून रेघा मारल्या आणि शेवटी एक जादा रकाना आखला: 'नोंद नसल्यास कारण'.

"रिकामी ओळ चालेल?" मी विचारलं.

"चालेल. मला आधी तुला विचारायचं सुचेल."

कोठीचं दार मी पाहिलं. आतली कडी तिने उपटून काढली होती, लाकडात चार भोकं उरली होती. आत मी गेले नाही. फ्रिजपाशी गेले. चार पूर्णांक एक. डाव्या रेघेला चिकटवून लिहिलं.