माझी सरकती भिंत

मित्रांनो, जरा जपून, माझ्या गजांचा गंज हाताला लागेल. मी एक जुना पिंजरा आहे. पूर्णा गावच्या आश्रुबा वेल्डरने मला घडवले आणि परभणीजवळच्या एका प्रयोगशाळेत आणून ठेवले. माझी मागची भिंत सरकती आहे. दांडा ओढला की ती पुढे येई आणि आतल्या माकडाला गजांशी दाबून धरी. मग भुलीची सुई टोचायची, माकड झोपले की रक्त काढायचे. सगळे माझे कौतुक करत. मला मात्र चैन नसे. दांड्याला हात लागताच ठकी माकडीण किंचाळे आणि माझा गज न् गज थरथरे.

अशात ठकीच्या रक्तातले कॅल्शियम दोनदा कमी आले. डॉक्टर अर्पिता मॅडम काळजीत पडल्या. "हाडं झिजायलीत की काय हिची? शनिवारी पुन्हा बघू. कमी आलं तर रोज इंजेक्शन."

रोज इंजेक्शन म्हणजे रोज माझी भिंत!

भूल द्यायची तर पोट रिकामे हवे. पण शनिवारी मॅडम आल्या, तर ठकी शेंगांची टरफले उडवत होती.

"भिवरामावशी! उपाशी ठेवा म्हटलं होतं ना? भुलीत उलटी होऊन श्वास अडकला म्हणजे?"

ठकीला सांभाळणाऱ्या भिवराबाई खाली बघत म्हणाल्या, "चुकलं, मॅडम. पण मारुतीचा वार. वानराला उपाशी ठिवून माझ्या घशाखाली फराळ कसा उतरावा?"

"मारुतीराया माझ्या नोकरीवर उठलाय!" मॅडम म्हणाल्या.

आता भूल देता येत नव्हती, म्हणून मॅडमनी जागेपणीच रक्त घ्यायचे ठरवले. शेंग देताना भिवराबाई रोज ठकीचा हात हातात घेत, तसा आजही घेतला. "धर गं माय, लय न्हाई, एकच टोचा." मॅडमनी हळूच सुई लावून रक्त काढले. ठकीने तोंड वाकडे केले, पण हात ओढला नाही. माझा एकही गज वाजला नाही.

कॅल्शियम अगदी नीट आले! खात्रीसाठी पुढे एकदा भुलीआधी आणि भुलीनंतर रक्त तपासले. आधी नीट, नंतर कमी.

"हाडं ठणठणीत आहेत," मॅडम म्हणाल्या. "भुलीचं औषधच कॅल्शियम खाली आणतंय, मावशी. आणि मी हिलाच आजारी ठरवायले होते."

तेव्हापासून ठकी आपणहून हात देते. परवा आश्रुबा आला होता. "भिंत जाम झाली की! तेल घालू?"

भिवराबाई म्हणाल्या, "तेल मारुतीला. ह्याला न्हाई."

मित्रांनो, मुक्या जिवाला औषध देताना आधी हात पुढे करून बघा. वाऱ्याने दांडा खडखडला की ठकी अजून दचकून मागे बघते. म्हणून विनवतो, मला पुसू नका, रंगवू नका. मला गंजू द्या.