एक्स-रेचा कंदील

दत्तात्रेय चैत्रात गेले. तेराव्याला जेवायला साठ माणसं होती. आणि आज, धनत्रयोदशीला, काशीतल्या दूधविनायक गल्लीच्या त्याच घरात कालिंदीबाई एकट्या फरशीवर बसून नवऱ्याचे एक्स-रे कापत होत्या.

कंदील दरवर्षी दत्तात्रेयच करायचे. गल्लीत सगळ्यांच्या दारांवर विजेच्या झालरी. कंदील तेवढा यांच्याच दारात. मुलगा आदित्य स्टेशनवरून यायचा, तो कोपऱ्यावरूनच ओरडायचा, "दिसला!"

यंदा त्यानं गुडगावहून फोनवर सांगितलं होतं, "आई, बाबांचं वर्ष आहे. सण करायचा नाही ना? मग येऊन करू काय?"

एकादशीला कोंबडी खाणारा हा पोरगा! याला शास्त्र आठवलं ते नेमकं घरी यायच्या वेळी. सण नाही म्हणून येत नाहीस? थांब, करूनच दाखवते.

बाईंनी माळ्यावरून जुना सांगाडा काढला. कामट्या शाबूत होत्या, कागद उंदरांनी फस्त केलेला. घरात भरलेली अशी एकच पिशवी होती, दवाखान्याची, एक्स-रेंची. खळीनं एक्स-रे चिकटेनात, तेव्हा दाभणानं शिवले. तीन बाजूंना खिडक्या कापून जुन्या साडीचे तुकडे लावले. खाली दुधाच्या पिशव्यांच्या झिरमिळ्या. चौथा एक्स-रे छातीचा. त्यावर कात्री चालवायला हात धजेना. तो तसाच शिवला.

दिवेलागणीला कंदील दारात टांगला, आत बल्ब लावला आणि आदित्यला व्हिडिओ कॉल केला.

"बघ. सण आहे. ये."

"अगं आई, लोक काय म्हणतील?"

"लोक कुठायत इथं? मी आहे."

"आता टिकट कुठून मिळणार? पुढच्या वर्षी पक्का."

"टिकट तू बघितलंच नव्हतंस, असं म्हण की."

 मग मागून त्याला कुणी हाक मारली आणि फोन बंद झाला.

समोरची शेजारीण मिसराइन पणती ठेवायला बाहेर आली. उजेडात बरगड्या दिसल्या तशी तिनं डोक्यावर पदर घेतला, हात जोडले.

"चाचाजी के लिए आकाशदीप? बहुत अच्छा किया, चाची. लेकिन इतना नीचे? बाँस पर चढ़ाओ, तब न उनको दिखेगा!"

इकडचा कार्तिक कोजागरीनंतरच लागतो, आणि त्या महिन्यात काशी आपल्या मेलेल्यांसाठी बांबूवर दिवे चढवते. मराठी कंदील तिला काय ठाऊक? 'मेलेल्यासाठी नाही गं, जिवंतासाठी आहे,' हे बाईंच्या अगदी ओठांवर आलं. पण जिवंताचं सांगणार काय, कपाळ?

दारातला कंदील गल्लीतून चालत येणाऱ्यासाठी असतो. चालत कुणी येणार नव्हतं.

"बाँस है तुम्हारे घर?" बाईंनी विचारलं.

दोघींनी मिळून गच्चीच्या कठड्याला बांबू बांधला आणि वायर ओढून कंदील त्यावर चढवला. मिसराइन तिच्या घरच्या पूजेला निघून गेली. बाई मात्र खाली उतरल्या नाहीत. गंगेवरच्या वाऱ्यानं कंदील फिरत होता. साडी, साडी, साडी, मग ती छाती.

ती समोर आली की बाई मान वर करून विचारत,

"दिसलं का हो घर?"